इंजिनाचा आवाज आणि विक्रेत्याचा निर्वाळा

कोलकाता : तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या मोटारीचे इंजिन खडखडू लागले, म्हणजे ते बदलावेच लागते असे नाही. वरच्या भागातील हलकी टिकटिक बहुधा व्हॉल्व्हची यंत्रणा सैल झाल्याची किंवा तेल कमी पडल्याची खूण असते. खालून येणारा जड ठोका मात्र बेअरिंगची झीज किंवा, सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास, वाकलेला कनेक्टिंग रॉड सुचवतो. तेलाचा व सिलिंडरमधील दाब न मोजता केवळ कानांनी केलेले निदान अपुरेच.

विक्रेत्याचा निर्वाळा अमान्य असल्यास तो लेखी मागावा आणि इंजिन उघडण्यापूर्वीच स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. एकदा उघडल्यावर मूळ आवाज पुन्हा ऐकता येत नाही. वस्तूतील दोष चाचणीविना ठरत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार जिल्हा आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालाची मुदत ४५ दिवस आहे.