मालकाची रजा

आपल्या पुसदच्या कापड दुकानदाराला विचारा, "मुलांना घेऊन फिरायला केव्हा जाता?" मुलांना सुट्टी मे महिन्यात अन् दिवाळीत, तेव्हाच लग्नसराई, तेव्हाच सणाची खरेदी. गिऱ्हाईक थंडावतं पितृपक्षात, तेव्हा शाळा सुरू!

2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असतील तिथे कामगाराला आठवडी सुट्टी अन् वर्षाला 8 किरकोळ रजा दिल्या. मालकाला रजा कोण देणार? ती त्यानंच स्वतःला द्यायची, अन् तिथेच तो अडतो.

ग्रीक भाषेत निवांतपणाला 'स्खोले' म्हणत अन् कामधंद्याला 'अस्खोलिया', म्हणजे निवांतपणाचा अभाव. अॅरिस्टॉटलच्या मते आपण खटपट करतो ती निवांतपणासाठीच. (त्याच्या घरी राबायला गुलाम होते, हेही विसरू नका.)

चार दिवसांचा तोटा हिशेबात बसवता येतो. गल्ल्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणं जड जातं. गणपतीपुळ्याला जाऊन तासातासाला "किती झाले?" विचारणारा माणूस गल्ल्यावरच बसलेला असतो. मुलगा नववीत असेल, तर सोबतचे मे महिने तीन-चारच उरलेत. म्हणून आधी एक दिवस पुतण्याला गल्ल्यावर बसवा, तुम्ही घरीच थांबा, फोन बंद. नवी उधारी द्यायची नाही, एवढं मात्र त्याला सांगून ठेवा.