लाकडाला घाई आवडत नाही

हिवाळ्यात आमच्या मुलुंडला मालवणी महोत्सव भरतो, तेव्हा तिथे जाणारी बहुतेक माणसे पोटाच्या ओढीने जातात. कोंबडी-वडे, सोलकढी, परतताना खाजाचा पुडा. आम्हीही त्याच ओढीने निघालो होतो. पण गर्दीतून वाट काढताना एका कोपऱ्यातून कसलीशी घरघर ऐकू आली आणि माझ्या नातवाने तिथेच पाय रोवले.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा तो स्टॉल होता. मागे फळीवर आंबे, सीताफळे, केळी मांडली होती. सारी लाकडाची, पण हात लावल्याशिवाय विश्वास बसू नये अशी. पुढे, पन्नाशीचा एक कारागीर छोट्या लेथवर बसला होता. त्याने पांगाऱ्याचा ठोकळा यंत्राच्या दोन टोकांत अडकवला आणि बटण दाबले. ठोकळा फिरू लागताच त्याचे कोपरे दिसेनासे झाले. पटाशीचे पाते टेकले तशी लाकडाची लांबच लांब साल निघून त्याच्या मांडीवर पडू लागली. त्याचा उजवा हात जवळजवळ हलत नव्हता. हलत होते ते फक्त डाव्या हाताचे बोट, पात्याला दिशा देणारे.

पांगारा कोकणात मिरवेलीला आधार म्हणून लावतात. काटेरी झाड, वसंतात लालभडक फुलते. लाकूड हलके आणि मऊ, म्हणून इमारतीला निरुपयोगी आणि खेळण्यांना उत्तम.

भोवऱ्याचा आकार आल्यावर त्याने लाल लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणारे इवलेसे किडे ही लाख तयार करतात. जाळ नाही, शेगडी नाही. नुसत्या घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळली आणि लाकडाला लाल कडे चढले. मग पिवळे, मग हिरवे. शेवटी केवड्याचे वाळके पान घडी करून त्यावर धरले, तशी ती कडी आरशासारखी लकाकू लागली. पोरे श्वास रोखून पाहत होती, आणि खरे सांगायचे तर आजोबाही.

"किती वर्षं करताय?" मी विचारले.

"बापाशीच्या हाताखाली बसलंय तेव्हापासून," तो म्हणाला. "लाकूड सांगता तसो हात फिरवचो लागता, सायबानु. लाकडाक घाई आवडणा नाय."

ही कला सावंतवाडीत रुजली ती भोसले संस्थानिकांच्या आश्रयाने, सतराव्या-अठराव्या शतकांत. चितारआळी हे बाजारातल्या गल्लीचे नाव आजही त्याची साक्ष देते. गंजिफा तिथल्याच, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० हाताने रंगवलेली पाने. गेल्या शतकात हे सारे विझत आले, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ते स्वतः शिकून घेतले आणि राजवाड्याच्या दरबारात कारागिरांना कामाला बसवले. राजघराण्यातल्या माणसांनी कारागिराकडे विद्यार्थी म्हणून जावे, ही गोष्ट मला राजवाड्यापेक्षा मोठी वाटते.

तेवढ्यात एक बाई पुढे आल्या. "एवढ्याशा भोवऱ्याचे दीडशे? बाहेर प्लास्टिकचा वीस रुपयांत मिळतो." कारागीर नुसता हसला. बाई निघून गेल्या. त्याने दुसरा ठोकळा लावला. हाही तसाच उतरत गेला, तीन रंग चढले, केवड्याचे पान फिरले. मग त्याने यंत्र थांबवले, भोवरा उजेडात धरला, नखाने एके ठिकाणी चाचपले आणि बाजूच्या टोपलीत टाकून दिला.

"चांगला होता की!" नातू कळवळला.

"तुका चांगलो दिसता. पण आत चीर आसा. लंगडतलो."

"मग मला तोच द्या. मला चालेल."

"नको रे बाबा. माझ्या हातचो म्हणान असो भोवरो बाहेर जावचो नाय."

मी टोपलीत डोकावलो. तसे चारपाच होते. दीडशे रुपयांचा हिशेब त्या टोपलीत होता, आणि बाई तो न पाहताच गेल्या होत्या.

बाईंना मी तरी कोणत्या तोंडाने हसू? नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी बँकेच्या कोकणातल्या एका शाखेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो. असाच एक कारागीर लेथला मोटर बसवण्यासाठी कर्ज मागायला आला होता. तोवर त्याची बायको दोरीने लेथ ओढत असे. तारण काय, जामीनदार कोण, वार्षिक उलाढाल किती, हे मी विचारले. उत्तरादाखल त्याने पिशवीतून एक लाकडी आंबा काढून टेबलावर ठेवला. मी दोन जामीनदार घेऊन या म्हणालो. तो परत आला नाही. नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. हात पाहून कर्ज द्यावे असा रकाना त्या फॉर्मात नव्हता, आणि तो नाही याची खंत मला तेव्हा वाटलीही नव्हती.

आता दिवस थोडे पालटले आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना विनातारण कर्जाची सोय झाली. आधी एक लाख, मग दोन लाख, कारागिराला व्याज पाच टक्के. त्यात सुतार आहेत, खेळणी करणारेही आहेत. चांगलेच झाले. तीस वर्षे उशिराने का होईना, कोणीतरी तो रकाना भरला.

मी नातवाला पहिला भोवरा घेऊन दिला, घासाघीस न करता. घरी येताच त्याने जाळी गुंडाळली आणि भोवरा फरशीवर सोडला. तो एका जागी असा स्थिर झाला की फिरतो आहे की उभा आहे तेच कळेना.

मग मी कपाटातून तो आंबा काढला. इतकी वर्षे तो माझ्यासोबत बदल्यांच्या गावी फिरला. बरीच वर्षे कागदांवर वजन म्हणून बसला. देठाजवळ रंग थोडा उडालाय, बाकी तसाच. नातवाने तो उलटसुलट पाहिला, नखाने चाचपला, अगदी त्या कारागिरासारखा.

"चीर नाहीये," तो म्हणाला. "कोणी केला?"

मी सांगू लागलो आणि थांबलो. चेहरा आठवत होता, पिशवी आठवत होती. नाव मात्र आठवेना. ते त्या फॉर्मावर होते.