शेवटच्या बाइटचा हिशेब

सोमवारी आलेला पाहुणा ‘आठ दिवसांनी येतो’ असे सांगून जातो आणि पुढच्या सोमवारी दारात उभा राहतो. मधे दिवस सातच गेलेले असतात. दोन्ही टोकांचे सोमवार धरून आठ, हे सांगणाऱ्यालाही कळते आणि ऐकणाऱ्यालाही. संगणकाला मात्र टोक धरायचे की सोडायचे, हे लिहूनच द्यावे लागते. जानेवारी 2019 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये हा एकाचाच हिशेब उघडा पडला आणि अल्फा व सुपरएच या दोन जातींच्या प्रोसेसरांवर लिनक्स बूट होईना.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरीचा एक भाग प्रोग्रामांचा, एक कर्नलचा राखीव. प्रोग्रामला फाइल उघडायची असली की फाइलचे नाव मेमरीत कुठे ठेवले आहे, तो पत्ता तो कर्नलला देतो. हा पत्ता खरोखर प्रोग्रामच्या हद्दीतला आहे का, हे कर्नलने आधी तपासायचे. न तपासता विश्वास ठेवला, तर लबाड प्रोग्राम कर्नलच्याच मेमरीतला पत्ता पुढे करील आणि कर्नल आपल्याच हाताने तिथे खाडाखोड करून बसेल. या तपासणीचे नाव ‘अॅक्सेस ओके’.

पूर्वी ही तपासणी वेगळी करावी लागे आणि मग ‘यूजर अॅक्सेस बिगिन’ म्हणून प्रोग्रामच्या मेमरीचे दार उघडायचे. दोन पायऱ्या असल्या की पहिली कुणीतरी गाळतोच. इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ती गळाली होती. ‘सीव्हीई-2018-20669’ या क्रमांकाने त्या दोषाची नोंद आहे. म्हणून लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी पहिली पायरी दुसरीतच घालून टाकली. दार उघडायचे तर तपासणी होणारच. बदल लहान, आणि माझ्या मते पूर्णपणे योग्य.

तरी बूट अडले. गुंटर रोएक यांनी हा कर्नल क्यूईएमयूमध्ये, म्हणजे एका प्रोसेसरवर दुसऱ्या प्रोसेसरचे रूप उभे करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवून पाहिला तेव्हा ते लक्षात आले. अल्फा ही डीईसी कंपनीची 1992 सालची रचना. सुपरएच हिताचीची, सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये होती ती. अशा जुन्या यंत्रांसाठीही कुणीतरी नेमाने कर्नल चालवून पाहतो, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्या चाचणीवाचून पुढचे काहीच कळले नसते.

संशय अर्थातच ताज्या बदलावर गेला. तो मागे घेतला असता तर दोन्हीकडे बूट सुरळीत झाले असते, आणि खरी चूक होती तिथेच राहिली असती. टॉरवाल्ड्स यांनी तसे न करता तपासणीचे जुने कोड उघडले.

अल्फावर प्रोग्रामची हद्द 43,98,04,65,11,104 बाइट्सची. मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटच्या बाइटचा पत्ता 103 वर संपतो. तो एकच बाइट वाचायचा असला तर जुने कोड पत्ता अधिक लांबी अशी बेरीज करी. उत्तर येई नेमके 104 वर संपणारे, आणि परवानगी नाकारली जाई. वाचायचे असे हद्दीतले, तपासले जाई हद्दीबाहेरचे. सुपरएचवरही हीच गत. मग इतकी वर्षे हे खपले कसे? शेवटच्या बाइटपर्यंतची परवानगी या कोडकडे सहसा कुणी मागतच नव्हते. फाइलचे नाव उचलणाऱ्या कोडला नावाची लांबी आधी ठाऊक नसते, म्हणून ते थेट हद्दीच्या टोकापर्यंतची परवानगी मागते. पण पूर्वी ते आपली तुलना आपणच करून घेई. नव्या बदलाने त्याला या तपासणीपुढे उभे केले आणि प्रत्येक वेळी नकार येऊ लागला.

सुपरएचमध्ये याहून गंभीर प्रकार सापडला. 32 बिटांच्या यंत्रात 4,29,49,67,296 ला आकडे संपतात आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. पत्ता 4,29,49,67,280 आणि लांबी 32 दिली, तर बेरीज येते 16. सोळा हद्दीतच आहे, म्हणून परवानगी! पत्ता मात्र कर्नलच्या मुलखातला. बेरीज अशी उलटते, हे सांगणारी टीप त्या कोडवर होती. दुसरीकडून उचलून आणलेली. टीप आली, तपासणी आलीच नाही. वाचणाऱ्याला वाटणार, इथे काळजी घेतली आहे. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हे.

दुरुस्ती अवघ्या काही ओळींची. बेरजेतून एक वजा करायचा, पण लांबी शून्य असेल तर नाही, कारण शून्य बाइटांना शेवटचा बाइट नसतो. सुपरएचमध्ये आणखी एक अट: शेवटचा पत्ता सुरुवातीच्या पत्त्याहून लहान निघता कामा नये.

पुढे 2022 मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी निरनिराळी लिहिलेली ही तपासणी एका सामाईक कोडात आणली. त्यात बेरीजच नाही. लांबी हद्दीहून मोठी नाही ना, हे आधी पाहायचे. मग हद्दीतून लांबी वजा करायची आणि पत्ता त्या उत्तराच्या पुढे गेलेला नाही ना, एवढे पाहायचे.