नखाची पूड आणि पोटॅशचा थेंब

भिवंडीत पावसाळाभर पाय कोरडे ठेवणं ही चैनच. डाइंगच्या कारखान्यात फरशी सदा ओली, गोदामातल्या हमालाच्या पायात दिवसभर बंद बूट, पडघ्याकडे भातलावणीचा चिखल. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कुणी त्यांवर मेंदी थापतं. पाऊस सरला की चिखल्या जातात. बुरशी मात्र कधी कधी तोवर अंगठ्याच्या नखाखाली सरकलेली असते.

मग नख टोकाकडून पिवळट होतं, जाडावतं, खाली भुगा साठतो. बहुधा दुखत नाही, म्हणून लोक वर्षं काढतात. कर्ता बहुतेकदा ट्रायकोफायटॉन रुब्रम. सतत पाण्यात असणाऱ्या हातांच्या नखांत कॅन्डिडाही. लक्षणांचं एवढं पुरे.

कारण बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची असतात. बाकीची सोरायसिसची, लायकेन प्लेनसची, नाहीतर घट्ट बुटाच्या माराची. नुसत्या नजरेनं जाणता डॉक्टरही फसतो. म्हणून मला वेड आहे ते पोटॅशच्या तपासणीचं. कल्याण नाक्याकडच्या एका मित्राच्या लॅबमध्ये मी त्यासाठी मुद्दाम जाऊन बसतो. नख स्पिरिटनं पुसायचं, सुटलेला भाग कापायचा आणि निरोगी नखाच्या हद्दीजवळचा भुगा खरवडायचा. टोकाच्या भुग्यात बुरशी अनेकदा मेलेलीच असते. त्वचेला १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड चालतं, नखाला २० ते ४० टक्के लागतं, तेही काही तास, कधी रात्रभर. केराटिन विरघळतं, बुरशीची भिंत टिकते. सूक्ष्मदर्शकाचा उजेड मंद केला की पेशींच्या सीमा न जुमानता धावणारे, आडपडदे असलेले, फाटे फुटलेले धागे दिसतात. यंत्रमागांच्या या गावात कापसाचा तंतूही काचेवर यायचा! तो जाड, पिळदार आणि बिनपडद्यांचा, नवख्याला चकवतो. धागे दिसले नाहीत म्हणून बुरशी नाहीच, असंही नव्हे. सबुरो माध्यमावरच्या कल्चरला चार आठवडे लागू शकतात.

औषधांकडे वळण्याआधी थोडं पिंपरीला जाऊ. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६१च्या सुमारास डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूनं बुरशीविरोधी हॅमायसिन शोधलं. ते देणाऱ्या जीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. नखासाठी ते नव्हतं, पण आपल्या पिंपरीचं नाव जीवशास्त्रात गेलं, याचं मला अप्रूप आहे.

नखावर आज पहिली पसंती टर्बिनाफिनला: प्रौढांना रोज २५० मिलिग्रॅम, हाताच्या नखांना ६ आठवडे, पायाच्या नखांना १२, आधी यकृताची तपासणी. इट्राकोनाझोल महिन्यातून एक आठवडा देतात, पण हृदय कमकुवत असेल तर टाळतात. एखाद-दुसऱ्या नखाचं टोकच बिघडलं असेल तर अमोरोल्फिनचं लॅकर चालतं. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात मीही पाय सोडून बसतो, मजा येते. नखाखालची बुरशी त्यानं जात नाही. मेडिकलवाल्याकडच्या स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबा मात्र मला थेट गुन्हा वाटतात. त्यांनी गजकर्ण वरवर दबतं आणि आत पसरतं. त्यात २०२०मध्ये नाव मिळालेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीवर टर्बिनाफिनही पुष्कळदा चालत नाही.

पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. गोळ्या तीन महिन्यांत संपल्या तरी अंगठा नीट दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर मुळाशी स्वच्छ नख येतंय का, तेवढं पाहा. मधुमेह असेल किंवा नखात नवा काळा पट्टा रुंदावत असेल तर थांबू नका. आणि पहिली गोळी घेण्याआधी, नखाची पूड तपासायची का, हे डॉक्टरांना विचाराच.