लाकडी खांबांवरचं ॲमस्टरडॅम

नेदरलँड्सने 1 जानेवारी 2026 पासून हॉटेलच्या खोलीवरचा व्हॅट 9 वरून थेट 21 टक्क्यांवर नेला आणि युरोप सहलीचा खर्च मांडून बसलेल्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ॲमस्टरडॅम महापालिकेचा साडेबारा टक्के पर्यटन कर 2024 पासून आहेच. तरी मला विचाराल तर ही रक्कम वाजवी आहे. पटत नसेल, तर तिथे गेल्यावर कालव्याचे फोटो काढून झाले की जरा काठाच्या भिंतींकडे बघा.

हे जुनं शहर दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे. डॅम चौकातल्या एकट्या राजवाड्याखाली 13,659 खांब आहेत. लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेलं असेल तर शतकानुशतकं टिकतं; पाण्याची पातळी उतरून हवा लागली की बुरशी धरते. मग घर एका अंगाला कलतं. पुढे झुकलेली घरं मात्र बऱ्याचदा मुद्दामच तशी बांधलेली. वर नजर टाकलीत तर माथ्यावर आकडा लावलेली तुळई दिसेल. पोती दोराने माळ्यावर चढवताना भिंतीला घासू नयेत, म्हणून ही युक्ती. जिने इतके अरुंद आणि उभे, की आजही सोफा खिडकीतूनच घरात शिरतो. वेंगुर्ल्यात जिच्या वखारीचे अवशेष आहेत, त्याच डच ईस्ट इंडिया कंपनीचा माल या कालव्यांवरच्या गोदामांत उतरायचा. इथल्या श्रीमंतीत त्या व्यापाराचा आणि त्यातल्या जुलमाचाही वाटा आहे.

काठाच्या भिंती बांधल्या हातगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या काळात. आता त्यांच्यावरून ट्रक जातात. सप्टेंबर 2020 मध्ये ग्रिमबुर्गवालवरची भिंत कालव्यात कोसळली, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. दुरुस्ती अजून वर्षानुवर्षं चालेल. कराचा प्रत्येक युरो तिकडेच जाईल असं नाही, पण लाखोंनी येणाऱ्या पाहुण्यांनी थोडा भार उचलला तर कुठे बिघडलं?

खरा अन्याय आपली सहल करते. काचेच्या बोटीतून तासभर फेरी, जवळच्या ट्युलिपच्या बागा, की निघाली बस ब्रुसेल्सला! त्यापेक्षा दोन मुक्काम जास्त करा. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवडे पुढची, फक्त ऑनलाइन सुटतात आणि बघता बघता संपतात. राइक्सम्युझियमच्या तर इमारतीच्या पोटातूनच सायकलींचा रस्ता जातो. रेम्ब्रांटचं 1642 सालचं ‘नाइट वॉच’ आत आहे, पण त्या बोगद्यात उभं राहून सायकलींची वर्दळ बघणंही कमी मौजेचं नाही.

आणि काहीच नको असेल तर सेंट्रल स्टेशनच्या मागच्या बाजूला जाऊन पलीकडच्या काठाची फेरीबोट पकडा. तिला तिकीट नाही. फक्त सायकलवाल्यांच्या वाटेत उभे राहू नका, बोलणी बसतील.