नाकाला काम द्या!

मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर विचारायलाच नको. अशा झडीत कुत्र्याला धड फिरवता येत नाही. छत्री सांभाळत खाली जायचं, शी-शू उरकायची आणि ओले पाय पुसत वर यायचं. तुंबलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, ती वेगळीच. दोन-तीन दिवस असे गेले की घरात उच्छाद सुरू होतो. चपला कुरतडल्या जातात, उशा फुटतात, लिफ्टच्या नुसत्या आवाजानेही घर डोक्यावर घेतलं जातं. ‘आज दमला नाही ना, म्हणून मस्ती करतोय,’ असं म्हणत आपण हॉलमध्येच चेंडू फेकायला लागतो. गुळगुळीत फरशीवर तो घसरत, धडपडत धावतो आणि शांत होण्याऐवजी आणखीच चेकाळतो.

घरात अडकलेल्या कुत्र्याचे पाय दमवण्याच्या मागे लागण्यापेक्षा त्याच्या नाकाला काम देणं कितीतरी मोलाचं आहे. ते का, हे कळायला त्या नाकात डोकावायला हवं. आत जे काही चालतं, ते पाहून थक्क व्हायला होतं.

कुत्रा निवांत पडलेला असताना त्याच्या नाकाचा शेंडा अगदी जवळून बघा. काळा, ओलसर, किंचित खडबडीत. नाकपुडी म्हणजे नुसतं गोल भोक नाही. तिच्या बाहेरच्या अंगाला एक वळलेली चीर असते, स्वल्पविरामाच्या शेपटीसारखी. हुंगताना हवा समोरून आत ओढली जाते आणि बाहेर पडताना या चिरेतून बाजूला आणि मागे फेकली जाते. म्हणून धुळीत हुंगणाऱ्या कुत्र्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना धूळ उडते. समोरचा वास त्याच्या स्वतःच्या उच्छ्वासाने विस्कटत नाही. आपण एखाद्या फुलाचा वास घेतो आणि पुढच्याच क्षणी त्याच फुलावर श्वास सोडतो. कुत्र्याच्या नाकाने ही अडचण केव्हाच सोडवली आहे. आणि हे सगळं सेकंदाला सुमारे पाच वेळा घडतं!

आत गेलेल्या हवेला पुढे दोन वाटा फुटतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले ब्रेंट क्रेव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी कुत्र्याच्या नाकातल्या पोकळ्यांचं बारकाईने मोजमाप केलं आणि त्यांतून हवा कशी वाहते, याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. बरीचशी हवा फुप्फुसांकडे जाते, पण साधारण आठवा हिस्सा नाकाच्या मागच्या एका वेगळ्या कप्प्यात शिरतो. हा कप्पा फक्त वासासाठी राखलेला असतो. तिथे पातळ हाडांच्या घड्याच घड्या असतात आणि त्यांवरच्या नाजूक अस्तरात वास ओळखणाऱ्या पेशी दाटीने बसलेल्या असतात. माणसाच्या नाकात अशा पेशी ५० ते ६० लाखांच्या घरात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार ३० कोटींपर्यंत! शिवाय टाळूच्या वर दुसऱ्या प्राण्यांचे रासायनिक निरोप वाचणारं एक स्वतंत्र इंद्रियही असतं.

दोन्ही नाकपुड्यांची कामंसुद्धा थोडी वेगळी आहेत. इटलीतल्या बारी विद्यापीठातल्या संशोधकांना २०११ मध्ये असं दिसलं, की अनोळखी वास कुत्रे आधी उजव्या नाकपुडीने घेतात आणि त्यात धोका नाही, हे पटलं की डावीकडे वळतात.

मला सर्वांत जास्त भारावून टाकतो तो बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतला प्रयोग. २००५ मध्ये पीटर हेपर आणि डेबोरा वेल्स यांनी एक साधा प्रश्न विचारला: माणूस कुठल्या दिशेने चालत गेला, हे कुत्र्याला कसं कळतं? त्यांनी गालिच्याचे तुकडे ओळीने मांडून त्यांवरून माणसाला चालायला लावलं आणि मग माग काढायला शिकवलेले कुत्रे आणले. दिशा ओळखायला त्यांना पाच पावलं पुरली. आता याचा अर्थ बघा. पाच पावलं टाकायला आपल्याला जेमतेम काही सेकंद लागतात. म्हणजे पहिल्या पावलाचा वास पाचव्या पावलाच्या वासापेक्षा काही सेकंदांनीच शिळा असतो. तेवढा फरक नाकाने टिपून कुत्रा ठरवतो, की माणूस इकडून तिकडे गेला. आपण घड्याळात वेळ बघतो, कुत्रा ती हुंगतो.

या नाकाची ताकद मुंबईने अनुभवली आहे. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या जंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरने मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन टनांहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. किती जणांचे प्राण त्यामुळे वाचले असतील! तसंच नाक तुमच्या सोफ्याखाली झोपलेल्या गावठी कुत्र्यालाही आहे. फरक शिक्षणाचा आणि संधीचा आहे.

आता कोंडलेल्या कुत्र्याची अवस्था ध्यानात येईल. बाहेर प्रत्येक खांबावर, प्रत्येक टायरवर, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी त्याच्यासाठी ताज्या बातम्या असतात. घरात तीच चादर, तोच फिनेलचा वास, तीच माणसं. एवढं मोठं यंत्र रिकामं पडलं, तर ते आपल्या चपलांकडे वळणारच.

नाकाला काम मिळालं, तर कुत्र्याचा स्वभावही फुलतो का? न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ आणि फ्रान्समधल्या शार्लोट ड्युरांटन यांनी २०१९ मध्ये हे तपासलं. एका जागी ठेवलेल्या वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागी ठेवलेला रिकामा असतो, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग वाडगा मधोमध ठेवला. आशावादी कुत्रा झपाट्याने जाणार, हिरमुसलेला रेंगाळणार. त्यानंतर दोन आठवडे काही कुत्र्यांना वासाने खाऊ शोधायचा सराव दिला आणि काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. पुन्हा चाचणी घेतल्यावर खाऊ शोधणारे कुत्रे मधल्या वाडग्याकडे आधीपेक्षा लवकर गेले. पायाशी चालणाऱ्यांमध्ये असा बदल दिसला नाही. खाऊ दोन्ही गटांना मिळत होता. पण एका गटाने तो स्वतः शोधून, स्वतःच्या निर्णयाने मिळवला होता, आणि माझ्या मते सगळी जादू तिथेच आहे.

हे घरी करायला पैसे लागत नाहीत. सुरुवात वेचणीने करा. जेवणातलं मूठभर ड्रायफूड किंवा उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे सतरंजीवर विखरून टाका. दुसऱ्या दिवशी तेच जुन्या पंचाच्या घड्यांत ठेवून सैल गुंडाळी करा. मग तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली खाऊ ठेवा. नंतर खोलीभर लपवा: खुर्चीच्या पायामागे, दाराच्या आड, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. घरातल्या मुलांना लपायला सांगा आणि ‘शोध!’ म्हणा. बाहेरून येताना एखादी फांदी किंवा पानं आणून वर्तमानपत्रावर मांडा. ती हुंगण्यात तो किती रमतो, ते बघा.

शोध चालू असताना तुम्हीही जमिनीवर बसा आणि नुसतं पाहा. आधी तो नाक खाली घालून नागमोडी फिरतो. मग एका जागेवरून पुढे जाता जाता त्याचं डोकं झटकन मागे वळतं. तिथे त्याने वास पकडलेला असतो. आता नागमोड आखूड होत जाते, सूंऽ सूंऽ असा श्वास ऐकू येतो, शेपटीची लय बदलते आणि शेवटी नाक नेमकं जागेवर थांबतं. हे पाहण्यासारखं सुख नाही.

काही पथ्यं मात्र पाळा. पहिले दोन-तीन दिवस त्याला हमखास सापडेल असंच लपवा. अडला तर बोट दाखवण्याआधी थोडं थांबा. खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करा, नाहीतर वजन वाढेल. दहा-पंधरा मिनिटं पुरे. कापड गिळायची सवय असेल, तर पंचाचा खेळ टाळा. घरात दोन कुत्रे असतील, तर वेगवेगळ्या खोल्यांत खेळवा. आणि कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थ चुकूनही देऊ नका. हे कुत्र्यांना विषारी असतात.

हे खेळ म्हणजे फेरफटक्याला पर्याय नव्हे. पाय मोकळे करायला आणि इतर कुत्र्यांच्या खबरी घ्यायला त्याला बाहेर जावंच लागतं. म्हणून एक मागणं आहे. पाऊस उघडला की त्याला खाली न्या आणि निदान दहा मिनिटं तरी वाट त्याला ठरवू द्या. एकाच खांबाशी तो कितीही वेळ थांबला, तरी दोरी ओढू नका. तो वेळ वाया घालवत नसतो. जगातल्या सर्वोत्तम नाकांपैकी एक तिथे कामाला लागलेलं असतं.