कूस बदलली नाही तर

काचेच्या रिकाम्या पेल्यावर बोटाचं टोक दाबा आणि पलीकडून पाहा. दाबलेला भाग फिकट पडतो, बोट उचललं की पूर्ववत होतो. दाबामुळे केशवाहिन्यांतलं रक्त बाजूला ढकललं जातं. या वाहिन्यांतला दाब ढोबळमानानं पाऱ्याचे ३२ मिलिमीटर धरतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४ ग्रॅम. आता समजा, उताण्या झोपलेल्या आजींच्या माकडहाडाजवळ २५ चौरस सेंटिमीटरवर ३ किलो भार आला. भागाकार मुलांना करू द्या: १२० ग्रॅम!

मग आपल्याला जखमा का होत नाहीत? झोपेत आपण नकळत कूस बदलतो. लकवा झालेल्या माणसाला ते जमत नाही. रक्ताविना तासन्‌तास राहिलेलं मांस मरू लागतं, तेही बऱ्याचदा आतून, हाडालगत. वाशिम जिल्ह्यात रिसोड, मानोऱ्याकडच्या गावांत असं माणूस बहुधा घरीच, खाटेवर असतं आणि त्याच घरातून मुलं आपल्या वर्गात येतात. म्हणून हे वर्गात बोलावं, असं आम्हाला वाटतं.

इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमान यांनी कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलायला लावली. त्याआधी असे बरेच रुग्ण जखमा चिघळून दगावत. घरी मात्र रात्री उठणारी बहुधा एकटी सूनच असते. पाळ्या लावायलाच हव्यात.

पूर्ण कुशीवर निजवलं तर खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलतं ठेवणं बरं (कंपासपेटीतला कोनमापक इथे कामाला येतो). वर सरकवताना ओढू नये, दोघांनी चादरीत उचलावं. ओढताना कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे जातं आणि मधल्या वाहिन्या ताणल्या जातात. पोटऱ्यांखाली उशी दिली की टाचा अधांतरी राहतात. कपड्याची चुंबळ करून जखमेभोवती ठेवायची पद्धत चुकीची, कारण कडेनं दाब वाढून मधला रक्तपुरवठा आणखी तुटतो. लाल जागा तेलानं चोळणंही वाईटच. उन्हाळ्यातल्या घामानं आणि लघवीनं भिजलेली कातडी लवकर सोलते, ती कोरडी ठेवावी. जेवणात डाळ, दूध, अंडी हवीत.

पुस्तकं ‘लाली पाहा’ म्हणतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती दिसतेच असं नाही. तिथे हात फिरवावा. आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा पिलपिलीत लागली, तर त्या जागेवर भार देणं लगेच थांबवावं. कातडी फुटली किंवा काळी पडली, तर डॉक्टरांना दाखवावं.